‘बरं आहे’ला किती गुण?

मावशीच्या तिसऱ्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी फाइल उघडत विचारलं, "काय मावशी, कसं काय?" मावशी म्हणाली, "बरं आहे." डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या, सलाईन लावायला हरकत नाही असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. मागच्या केमोनंतर चार दिवस, कुकरची शिट्टी झाली की ही बाई उठून गॅलरीत जात होती. भाताच्या वासानं तिला ढवळून यायचं. फोडणीचं तर नावच नको. तरी ‘बरं आहे’. आपल्याकडे हे उत्तर नसतंच मुळी, तो नमस्कारासारखा रिवाज असतो. त्यात ताप उतरल्याचं बरं असतं, सोसवतंय एवढ्यापुरतं बरं असतं आणि तुम्ही विचारलंत हेच पुष्कळ, असंही बरं असतं.

मावशी एका ट्रायलमध्ये होती, म्हणजे नव्या उपचाराची जुन्याशी तुलना करणाऱ्या चाचणीत. त्यामुळे ओपीडीतून बाहेर पडल्यावर एक कोऑर्डिनेटर मुलगी दोन पानी फॉर्म घेऊन आमच्या बाकड्याशी आली. तीस प्रश्न. पहिलाच प्रश्न असा की, जड पिशवी किंवा बॅग उचलण्यासारखी मेहनतीची कामं करताना त्रास होतो का? "पिशवी हा उचलतो की," मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मुलीचं पेन कागदावर थांबलं. उचलतच नाही, तर त्रास कुठला? पण उचलत का नाही? ती जमतच नाही म्हणून, की भाचा हाताशी आहे म्हणून?

कॅन्सरच्या चाचणीत गाठ मोजायला सीटी स्कॅन असतो, यकृताची तब्येत रक्तातून कळते, मृत्यूची तारीख दाखल्यावर असते. माणूस जगतोय कसा, हे मोजायचं यंत्र मात्र शेवटी तो कागद, ते पेन आणि मावशीचं तोंड. हे यंत्र वाटतं तितकं भाबडं नाही आणि त्याचे समर्थक सांगतात तितकं अचूकही नाही.

आधी शब्दाचीच अडचण. इंग्रजीत ज्याला ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणतात त्याला आपली वर्तमानपत्रं बिनदिक्कत ‘जीवनमान’ लिहितात. पण जीवनमान म्हणजे घरात फ्रिज आहे का, नळाला पाणी किती वाजता येतं, ते. ‘जीवनाची गुणवत्ता’ हा पाठ्यपुस्तकी शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही. आपण साधं ‘जगणं कसं चाललंय’ म्हणू.

ते मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न पेशंटला न विचारताच झाला. 1948 साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफस्की आणि त्यांचे सहकारी नायट्रोजन मस्टर्ड हे औषध कॅन्सरच्या रोग्यांना देऊन पाहत होते. युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातलं हे औषध, केमोथेरपीच्या अगदी पहिल्या औषधांपैकी. गाठ थोडी आक्रसली तरी रोग्याचा खरोखर काही फायदा होतोय का, हे त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी शंभर ते शून्य अशी दहा-दहाची शिडी केली. 100 म्हणजे ठणठणीत, 70 म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण कामधंदा होत नाही, 50 म्हणजे बरीच मदत लागते, 10 म्हणजे अखेरची घरघर आणि 0 म्हणजे मृत्यू. ही शिडी आणि तिची 0 ते 5 अशी आटोपशीर धाकटी बहीण, दोन्ही आजही वापरात आहेत. कोणाला ट्रायलमध्ये घ्यायचं आणि कोणाला नाही, हे बहुधा याच आकड्यावर ठरतं. पण आकडा घालतो डॉक्टर. रोगी दारातून कसा चालत आला, खुर्चीत कसा बसला, यावरून. मावशी ओपीडीत शिरताना केसांवरचा स्कार्फ नीट करून, ताठ मानेनं शिरायची. तिला नक्की वीसेक गुण जास्त मिळाले असणार.

विचारायचंच असेल तर रोग्यालाच विचारा, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सुचायला पाव शतकाहून जास्त काळ लागला याचं नवल वाटतं. 1976 साली ब्रिटनमधल्या टेरी प्रीस्टमन आणि मायकेल बॉम या दोघांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांपुढे कागदावर दहा सेंटिमीटरच्या रेघा ठेवल्या. एका टोकाला सगळ्यात वाईट, दुसऱ्या टोकाला सगळ्यात चांगलं. मळमळ, दुखणं, मन, घरकाम, एकेकासाठी एकेक रेघ. जिथं वाटेल तिथं फुली मारायची, मग कुणीतरी फूटपट्टी घेऊन सेंटिमीटर मोजायचे. टर उडवायला सोपी पद्धत. पण पुढे अकराच वर्षांनी अशाच रेघांनी मोठमोठ्या डॉक्टरांचा अंदाज चुकवला.

ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांना प्रश्न पडला होता की पसरलेला स्तनाचा कॅन्सर पूर्ण बरा होणार नसेल, तर बायकांना अखंड केमो देऊन छळायचं कशाला? त्यापेक्षा तीन सायकल द्याव्यात, थांबावं, त्यांना जरा श्वास घेऊ द्यावा आणि आजार पुन्हा वाढला की परत तीन द्याव्यात. ॲलन कोट्स आणि सहकाऱ्यांनी 308 बायकांवर ही तुलना केली. निम्म्यांना थांबून-थांबून, निम्म्यांना आजार वाढेपर्यंत न थांबता. थांबून-थांबून दिलेल्या बायकांचं जगणं सुसह्य असणार हे तुम्ही-आम्ही पैज लावून सांगितलं असतं. 1987 साली निकाल छापून आला तो उलटा. अखंड केमो घेणाऱ्या बायकांनी स्वतःच्या हातानं मारलेल्या फुल्या चांगल्या टोकाकडे होत्या. औषधाच्या त्रासापेक्षा आटोक्यात न ठेवलेल्या आजाराचा त्रास मोठा होता. कणवेनं आखलेला उपचार कणवाळू ठरला नाही आणि रेघांशिवाय ते कुणाला कळलंही नसतं.

आता मावशीच्या फॉर्मकडे येऊ. ब्रसेल्सला मुख्यालय असलेल्या कॅन्सर संशोधनाच्या युरोपीय संघटनेनं, ईओआरटीसीनं, तो तयार केला. नाव क्यूएलक्यू-सी 30. नील ॲरन्सन आणि त्यांच्या गटानं 13 देशांतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 305 रोग्यांवर तो तपासून 1993 साली प्रसिद्ध केला आणि आज तो शंभराहून अधिक भाषांत आहे. याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड सेला यांनी फॅक्ट नावाची प्रश्नावली केली, तीही तितकीच चालते. दोन्हींची घराणी मोठी आहेत. मूळ फॉर्मला अवयवानुसार पुरवण्या जोडायच्या: स्तनाची वेगळी, फुप्फुसाची वेगळी, डोकं आणि मान यांची वेगळी.

तीसपैकी 28 प्रश्नांना चार घरं असतात: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. गुण 1 ते 4. शेवटचे दोन प्रश्न एकूण तब्येतीचे आणि एकूण जगण्याचे, त्यांना 1 ते 7. थकव्याचे प्रश्न तीन आहेत. मावशीनं विश्रांती लागते याला 2, अशक्त वाटतं याला 3 आणि दमायला होतं याला 3 दिले. सरासरी 2.67. त्यातून 1 वजा केला, 3 नं भागलं, 100 नं गुणलं, आले 55.6. हा तिचा त्या दिवसाचा थकवा. थकवा, दुखणं, मळमळ यांत आकडा जास्त म्हणजे हाल जास्त. पण चालणं-फिरणं, कामं, मन, घरचे-दारचे संबंध यांत आकडा जास्त म्हणजे तब्येत चांगली. ही उलटापालट ध्यानात न घेता तक्ते वाचणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

पण 55.6 चा 44.4 झाला, तर मावशीला फरक जाणवेल का? आकडेशास्त्राच्या दृष्टीनं फरक ‘लक्षणीय’ असणं वेगळं आणि माणसाला तो कळणं वेगळं. 1998 साली डेव्हिड ओसोबा यांच्या गटानं रोग्यांनाच विचारलं की तुमच्यात किती बदल झाला? मग त्यांची उत्तरं फॉर्मच्या गुणांशी ताडून पाहिली. 5 ते 10 गुणांचा फरक रोग्यांना ‘थोडा’ वाटत होता, 10 ते 20 चा मध्यम, 20 च्या पुढचा मोठा. तेव्हापासून 10 गुणांचा फरक हा एक ढोबळ पण शहाणा दंडक झाला आहे. एखाद्या औषधाच्या जाहिरातीत जगणं ‘सुधारल्याचा’ दावा दिसला की सुधारलं ते किती गुणांनी, हे आधी पाहावं.

भाषेचं प्रकरण मला जास्त रंजक वाटतं. या फॉर्मचं भाषांतर कुणालाही बसल्या बैठकीला करता येत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मूळ भाषेतून उतरवायचं, दोन्हींचा मेळ घालायचा, मग ज्यांनी मूळ पाहिलेलं नाही अशा दोघांनी ते उलट भाषांतरित करायचं आणि शेवटी काही रोग्यांसमोर बसून, तुम्हाला यातून काय समजलं, असं विचारायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रोग्यांवर हिंदी आणि मराठी रूपं तपासली गेली, त्याचा अहवाल 2005 साली आला. ते होणं फार गरजेचं होतं, कारण भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत पुढे आहे आणि त्याला तंबाखू-गुटख्याचा हातभार किती हे वेगळं सांगायला नको. त्या पुरवणीतले प्रश्न तोंड उघडण्याबद्दल, लाळ चिकट होण्याबद्दल, घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटतं का याबद्दल आहेत. शेक (रेडिएशन) घेतलेल्या माणसाला विचारा, भाकरी कुस्करून दुधात भिजवून पंगतीपासून लांब बसून खाणं म्हणजे काय असतं. पण तिखटाबद्दल त्यात थेट प्रश्न नाही. ज्या घरात ठेच्याशिवाय घास उतरत नाही तिथं जिभेला तिखट न सोसणं ही चवीची नाही, माणसातून उठल्याची गोष्ट असते. ती ‘चव लागते का’ या खणात बसवावी लागते. लैंगिक आयुष्याचे प्रश्न तर आपल्याकडे कोरे राहण्यासाठीच छापलेले असावेत. सासूबाई शेजारी आणि समोर पेन घेतलेली विशीतली मुलगी, अशा बाकड्यावर कोण काय सांगणार?

पैशाची अडचण झाली का, हा तीस प्रश्नांतला एक प्रश्न. युरोपात तो पुरत असेल. परळला उपचारासाठी आलेली कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीबवान, नाहीतर फुटपाथवर प्लॅस्टिक बांधून राहिलेली आपण पाहतो. त्यांनी या प्रश्नाला 4 गुण दिले की कागद संपतो. पाचवं घर नाही.

यापुढची अडचण वेळेची आणि ती मावशीच्या कुकरशी निगडित आहे. फॉर्म विचारतो गेल्या आठवड्याबद्दल. केमो दर 21 दिवसांनी. फॉर्म भरला जातो पुढच्या केमोच्या सकाळी, कारण पेशंट तेव्हाच हाती लागतो. म्हणजे विचारणा होते तिसऱ्या आठवड्याची, जो तिन्हींत सगळ्यांत बरा असतो. पहिल्या आठवड्यातल्या ओकाऱ्या, गॅलरीतल्या चकरा या कागदावर येतच नाहीत. मावशीनं मळमळीला ‘अजिबात नाही’वर खूण केली आणि ती खोटं बोलत नव्हती. दोन औषधांची तुलना करताना एक दर आठवड्याला आणि एक दर तीन आठवड्यांनी दिलं जात असेल, तर ही चूक कोणत्या बाजूला झुकेल याचा विचार चाचणी आखतानाच करावा लागतो.

आणि जे फॉर्म भरतच नाहीत त्यांचं काय? समजा दहा जण आहेत, पाचांचे गुण 80 आणि पाचांचे 40. सरासरी 60. दोन महिन्यांनी 40 वाल्यांपैकी तिघं इतके खंगले की रुग्णालयात आलेच नाहीत, बाकीचे होते तिथेच आहेत. उरलेल्या सातांची सरासरी 68 च्या वर जाते. कुणाचंही जगणं तसूभर सुधारलेलं नाही, पण आलेख चढला. इतर संशोधनात हरवलेला कागद म्हणजे निव्वळ हरवलेला कागद. इथं कागद न येणं हीच बहुतेकदा सगळ्यांत महत्त्वाची बातमी असते.

याचा झटका 2014 च्या फेब्रुवारीत चांगलाच बसला. मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा या अतिशय वाईट गाठीवर बेव्हासिझुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वैद्यकीय नियतकालिकात एकत्र आले. एकीत 921 रोगी, दुसरीत 637. दोन्हींत औषधानं आयुष्य वाढलं नाही. दोन्हींत स्कॅनवर गाठ वाढायला लागण्याचा काळ मात्र काही महिन्यांनी लांबला. म्हणजे सगळा निवाडा जगणं कसं होतं यावर येऊन ठेपला. एका चाचणीनं सांगितलं की औषधवाल्यांचं जगणं जास्त काळ टिकून राहिलं. दुसरीनं सांगितलं की औषधवाल्यांचे त्रास वाढले, विचारशक्ती जास्त ढासळली, जगणं बिघडलं. तेच औषध, तीच गाठ, प्रश्नावल्याही एकाच घराण्यातल्या. फरक बराचसा हिशोबात होता. पहिल्या चाचणीच्या मुख्य हिशोबात स्कॅनवर गाठ वाढली की जगणंही बिघडलं, असं धरलं होतं. मग जे औषध स्कॅन लांबवतं ते जगणंही लांबवल्यासारखं दिसणारच. दुसरीनं गाठ न वाढलेल्या रोग्यांचीच उत्तरं काळानुसार ताडून पाहिली. प्रामाणिक माणसं दोन दिशांना गेली ती अशी. या घोळानंतर, 2016 पासून, अशा आकड्यांचा हिशोब कसा करायचा याचे समान नियम ठरवायला युरोपीय संघटनेच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय गट बसला आणि 2020 मध्ये त्यांच्या पहिल्या शिफारशी आल्या. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत मोलाचं काम हेच.

आणखी एक गोष्ट कोणत्याही सूत्रात पकडता येत नाही. माणूस सरावतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत हातापायाच्या सार्कोमाच्या रोग्यांची 1982 साली पाहणी झाली. काहींचा पाय कापला होता, काहींचा पाय वाचवून भरपूर रेडिएशन दिलं होतं. पाय वाचलेले सुखी असणार, नाही का? तसं दिसलं नाही. वाचवलेला पाय ताठ, सुजलेला, दुखरा होता आणि काही बाबतींत तर पाय गमावलेलेच बरे निघाले. पुढे पाय वाचवण्याची पद्धत सोडली नाही, पण रेडिएशन कुठं आणि किती द्यायचं हे बदललं. या निकालात रेडिएशनचा दोष किती आणि गमावलेल्याशी माणसानं केलेली तडजोड किती, हे वेगळं काढणं कठीण. आजारापूर्वी ‘दमणं’ म्हणजे मावशीला दिवाळीचा फराळ एकटीनं करणं वाटायचं. आता दोन पायऱ्या चढून दम लागला नाही तर ती ‘अजिबात नाही’वर खूण करते. पट्टी तीच, पण सेंटिमीटरची लांबी बदललेली.

मग एवढ्या भोकांच्या चाळणीत पीठ तरी काय उरतं? उरतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बाश यांनी 766 रोग्यांची चाचणी केली. काहींनी 12 नेहमीच्या त्रासांबद्दल संगणकावरून ठरावीक काळानं कळवायचं आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. बाकीच्यांची नेहमीसारखी तपासणी. कळवणाऱ्यांचं जगणं तर सुधारलंच, पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत त्यांच्या आयुष्याचा मध्यही 26 महिन्यांवरून 31.2 महिन्यांवर गेला होता. कोणतंही नवं औषध दिलेलं नव्हतं. नुसतं ‘कसं काय’ विचारलं होतं, फक्त ‘बरं आहे’ला जागा न ठेवता. डॉक्टर रोग्याचे त्रास बरेचदा कमी लेखतात, हेही बाश यांनीच आकड्यांनिशी लावून धरलं आहे.

नातेवाईक नेमके उलट, जास्तच लिहितात. रोग्याऐवजी घरच्यांना विचारलं तर ते रोग्याचं जगणं रोग्याला वाटतं त्याहून वाईट रंगवतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच नियम असा की फॉर्म रोग्यानं एकट्यानं भरावा, कुणी कानाशी लागू नये. त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो, कारण मावशीचा चष्मा घरी राहिला होता.

तिसावा प्रश्न आला. गेल्या आठवड्यातलं एकूण जगणं, 1 ते 7. मावशीनं थोडा विचार केला, माझ्याकडे पाहिलं आणि कोऑर्डिनेटर मुलीला म्हणाली, "सहावर कर गं. पाचावर केलंस तर हा रात्रभर जागतो."

मुलीनं सहावर गोल केला.